दुर्बिणीतून पिशवी काढायची म्हणजे नक्की किती दिवसांचं काम?

पत्र : सिस्टर, माझं वय ४३, सांगली जिल्ह्यात राहते, पतसंस्थेत काउंटरला आहे. दीड वर्ष झालं पाळीत खूप जातंय, सोनोग्राफीत सात सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली, हिमोग्लोबिन ८.१ आहे. धाकट्याच्या वेळी सिझर झालेलं. डॉक्टर म्हणतात गर्भाशयाची पिशवी काढून टाकू, दुर्बिणीतून करू, तिसऱ्या दिवशी घरी जाल. सासूबाई म्हणतात त्यांचं पोट फाडून केलेलं तरी महिन्यात भाकऱ्या थापत होत्या, दुर्बिणीचं म्हणजे काहीच नाही. शेजारची म्हणते मी चार दिवसांत कामाला लागले. साहेब दहा दिवस रजा देतो म्हणतायत. ऑपरेशननंतर साधारण चार आठवड्यांनी घरी गौरी आहेत, वीस-पंचवीस पानं असतात. किती दुखतं, कधी उभी राहीन, काय जपायचं हे कुणी नीट सांगत नाही. आणि खरंच काढायलाच हवी का?

उत्तर :

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही खाली लिहिलात तरी डोक्यात पहिला तोच असणार.

काढायची की नाही हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि तुम्हाला न तपासता कुणीही सांगत असेल तर ऐकू नका. हिमोग्लोबिन ८.१ आणि दीड वर्ष ब्लीडिंग म्हणजे कारण खरं आहे, कुणी उगाच तुमच्या मागे लागलेलं नाहीये. पण दुसरं काही करून बघता येईल का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या असतात, तांबीसारखी आत बसवायची हार्मोनची मिरेना असते (गाठीमुळे आतली पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर ती टिकत नाही, हेही विचारा), नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते, आणि गाठ जर अगदी आतल्या पोकळीत असेल तर खालूनच दुर्बीण घालून पोटाला एकही छेद न देता काढता येते. म्हणून सात सेंटिमीटर हा आकडा अर्धाच आहे, गाठ कुठे आहे हे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं ते डॉक्टरांकडून समजून घ्या. पाळी कायमची गेली की या गाठी आकसतात हे खरंय, पण तुमची जायला अजून काही वर्षं धरा आणि तोवर या रक्तावर कसं चालणार.

एक मात्र आहे. कुणी जर म्हणालं की आत्ता नाही काढली तर कॅन्सर होईल, तर तिथून फाईल उचलायची आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. फायब्रॉइडचा कॅन्सर होणं फार म्हणजे फारच दुर्मिळ. हीच भीती घालून किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या ते २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या निमित्ताने सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं, विधान परिषदेत प्रश्न आला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सेकंड ओपिनियन घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि हो, पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासलाय का, म्हणजे बायोप्सी, हे ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या.

आता धरून चालू की सगळं विचारून झालं आणि काढायचं ठरलं.

सगळ्यात आधी शेजारच्या ताईंना विचारा की त्यांचं नक्की काय केलं होतं. गायनॅक वॉर्डात माझी उभी नोकरी गेली आणि हा घोळ मी सतत बघितलाय, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पण दुर्बिणीतूनच होतं, ओव्हरीची म्हणजे बीजकोशाची छोटी गाठ पण दुर्बिणीतूनच काढतात, आणि ज्यांचं तसलं झालंय त्या खरंच चार दिवसांत भांडी घासत असतात. त्या खोटं बोलत नाहीत. पण त्यांचं ऑपरेशन वेगळं आणि तुमचं वेगळं.

तुमच्यात काय होणार ते सांगते. बेंबीत एक छेद आणि पोटावर आणखी तीन-चार, पाच मिलिमीटरपासून फार तर बारा मिलिमीटरपर्यंत. त्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड गॅस भरतात म्हणजे पोटाची भिंत वर उचलली जाते आणि आतलं दिसायला जागा होते. टेबल डोक्याकडून खाली कलवतात म्हणजे आतडी वर छातीकडे सरकतात. मग पिशवीला धरून ठेवणारे दोर आणि रक्तवाहिन्या एकेक करून मशीनने बंद करून कापतात, पिशवी खालच्या वाटेने बाहेर काढतात, आणि जिथून ती सुटली तिथे योनीमार्गाचा वरचा शेंडा टाके घालून बंद करतात. दीड ते तीन तास लागतात, जास्तही लागू शकतात.

तो शेवटचा टाका लक्षात ठेवा. बाहेर काय चार बारीक खुणा, वरून लवकर भरून येतात, आणि घरातले सगळे त्याच बघतात. आत जे कापलंय ते मात्र पोट उघडून केलं असतं तेवढंच कापलंय. पोटाची भिंत वाचली, म्हणून दुखणं कमी, रक्त कमी जातं, टाके पिकायची भीती कमी, लवकर चालता येतं. पण आतला टाका भरायला त्याचा वेळ तो घेणारच, सहा ते आठ आठवडे कमीत कमी, आणि पूर्ण पक्कं व्हायला तीन महिने धरा. सासूबाईंचं पोट फाडलेलं होतं ना, त्यांना उठता-बसताना कळ यायची, ती कळच त्यांना जड उचलू देत नव्हती. तुम्हाला दहाव्या दिवशी फारसं दुखणार नाही आणि तिथेच फसाल.

आता तयारी. हिमोग्लोबिन ८ वर सहसा लगेच घेत नाहीत, निदान दहाच्या आसपास आणायला बघतात, त्यासाठी आयर्नची इंजेक्शनं सलाईनमधून देतात किंवा वेळ असेल तर गोळ्या. गोळी चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, शी काळी होते त्याला घाबरू नका. मधल्या काळात पाळी थांबवायचं औषध मिळतं का विचारा, नाहीतर एकीकडून भरायचं आणि एकीकडून सांडायचं.

सिझरचं मुद्दाम सांगा, फाईलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. सिझर झालेल्यांची मूत्राशयाची पिशवी गर्भाशयाला पुढून चिकटलेली असू शकते, ती सोडवताना इजा होऊ शकते. मूत्राशय किंवा लघवीच्या नळीला इजा व्हायचं प्रमाण साधारण शंभरात एखादी, म्हणजे घाबरायचं नाही पण माहीत असावं. तसंच आत फार चिकटलेलं निघालं किंवा रक्तस्राव आवरेना तर डॉक्टर पोट उघडायचा निर्णय घेतात. कन्सेंटच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, नवऱ्याला आधीच सांगून ठेवा नाहीतर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर "दुर्बिणीचं म्हणाला होता" म्हणून आरडाओरडा होतो. पोट उघडणं म्हणजे डॉक्टर हरला असं नसतं, बऱ्याचदा तेच शहाणपणाचं असतं.

दोन प्रश्न टेबलावर जायच्या आधी स्पष्ट विचारा. पहिला, ओव्हरी ठेवणार की काढणार. तुमच्या वयाला ओव्हरी चांगल्या असतील तर सहसा ठेवतात, कारण त्या काढल्या की दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती, गरम वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ, सगळं एकदम. "काढतोच आहोत तर सगळंच काढून टाका" असं नातेवाईक फार सहज म्हणतात, त्यांना काय जातंय. बीजनलिका मात्र बऱ्याचदा काढून टाकतात, त्याने पुढे ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका कमी होतो आणि शरीराला त्यांचा आता उपयोगही नसतो. ओव्हरी ठेवल्या तरी पाळी जायचे त्रास थोडे लवकर सुरू होऊ शकतात. दुसरा प्रश्न, पिशवी मोठी असल्यामुळे आत तुकडे करावे लागणार का, आणि लागलेच तर ते बॅगेत घालून करणार का. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, या तुकडे करायच्या मशीनबद्दल इशारा दिला होता, कारण क्वचित गाठीत लपलेला कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरू शकतो. डॉक्टरांना हे माहीत असतंच, तुम्ही विचारलंत तर वाईट वाटून घेणार नाहीत.

ही पद्धत नवीन वगैरे नाही बरं का. दुर्बिणीतून पिशवी काढायचं पहिलं ऑपरेशन अमेरिकेत हॅरी राइख या डॉक्टरांनी १९८८ मध्ये केलं. फक्त करणाऱ्याचा हात बसलेला हवा, म्हणून तुम्ही आजवर अशी किती केलीत हे विचारायला लाजू नका.

ऑपरेशनच्या दिवशी सहा तास पोटात अन्न नको, साधं पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. नेलपेंट काढा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावर नीट चालत नाही. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, नथ घरीच ठेवा. दरवेळी कुणीतरी मंगळसूत्रावरून अडून बसतं, सासू बाहेर रडते, पण आत करंट वापरतात आणि अंगावर धातू असला तर भाजू शकतं, शकुन-अपशकुनाचं काही नाही त्यात.

जाग येईल तेव्हा घसा खवखवेल कारण भुलीसाठी नळी घातलेली असते. लघवीची नळी असेल, ती संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी काढतात, नंतर दोन-तीनदा जळजळ होते. मळमळ होईल. आणि मग एक दुखणं येतं ज्याची बायकांना काहीच कल्पना नसते, उजवा खांदा, कधी दोन्ही खांदे. पोटात राहिलेला गॅस छातीच्या पडद्याला लागतो आणि त्याची कळ खांद्यात उठते. रात्री दोन वाजता बेल वाजवून "सिस्टर, हार्ट अटॅक आलाय" म्हणणाऱ्या कितीजणी बघितल्यात. दोन-तीन दिवसांत आपोआप जातं, चालल्याने लवकर जातं. पण खांद्यासोबत धाप लागली किंवा छातीत दाबल्यासारखं झालं तर मात्र लगेच सांगायचं, गॅसवर ढकलायचं नाही.

उठायचं कसं ते आत्ताच पाठ करा. सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, गुडघे पोटाकडे घ्यायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरावर जोर देऊन वर यायचं. कडेला दोन मिनिटं नुसतं बसायचं, पाय हलवायचे, चक्कर आली नाही तरच उभं राहायचं आणि पहिल्यांदा कुणाचा तरी हात धरून. खोकला-शिंक आली की छोटी उशी पोटावर दाबून धरायची. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी चालवतात, तुमचा छळ म्हणून नाही, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

घरी गेल्यावर पहिला आठवडा पोट फुगलेलं राहील, गाऊन सोडून काही घालवणार नाही. शौचाला कडक होणं हा मोठा त्रास, कुंथायचं अजिबात नाही, इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, पपई, भाज्या, भरपूर पाणी. घरी भारतीय संडास असेल तर प्लास्टिकची कमोडची खुर्ची मिळते, पहिले काही आठवडे ती बरी पडते. आंघोळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालते, फक्त तांब्याने वरून पाणी घ्या आणि छेद नीट टिपून कोरडे करा.

खाण्याबद्दल तुम्हाला शंभर जण सांगतील भात नको, वरण नको, टाके पिकतात. काही नाही पिकत. उलट डाळ, अंडी, दूध याने जखम भरते. तेवढं डिंकाचे लाडू दिवसाला चार नको, बाकी मन मारू नका. पोट करकचून बांधायची गरज नाही. आणि "पिशवी काढली की आत पोकळी राहते" हेही कानावर येईल, तसं काही राहत नाही, आतडी आपली जागा घेतात.

खालून थोडं लाल किंवा तपकिरी जाणं चार ते सहा आठवडे चालू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी आतले टाके विरघळायला लागतात तेव्हा एखाद दिवस जरा जास्त दिसतं, दोऱ्याचा तुकडाही पडतो. पॅड वापरा, आत काही घालू नका. थकवा मात्र येणार, साधारण दुसऱ्या आठवड्यात, दिसायला तुम्ही ठणठणीत आणि दुपारी चार वाजता पाय गळून जातात. रडू पण येतं काहींना विनाकारण. येऊ द्या.

आता मुख्य, वजन. सहा आठवडे तीन-चार किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याची भरलेली बादली नाही, भरलेला मोठा कुकर नाही, दळणाचा डबा नाही, माळ्यावरचं काही काढायचं नाही, नातेवाइकांचं बाळ नाही. भरलेला सिलेंडर तीस किलोच्या आसपास असतो, त्याला तर सरकवायचा पण विचार नको. जोर लावला की पोटातला दाब थेट त्या आतल्या टाक्यावर जातो. तो उसवणं फार क्वचित होतं, पण झालंच तर अचानक खालून पाणी किंवा रक्त येतं, दाब जाणवतो, आणि रात्र असो की दिवस तेव्हा हॉस्पिटलच गाठावं लागतं. याच कारणासाठी नवऱ्याशी संबंध डॉक्टरांनी आतून तपासून हो म्हटल्याशिवाय नाही, आठ आठवडे तरी, काही डॉक्टर बारा सांगतात. नंतर काही बिघडत नाही, बऱ्याच जणींना रक्ताची आणि दुखण्याची धास्ती गेल्यामुळे उलट बरं वाटतं. हे नवऱ्याला तुम्ही सांगायला संकोचाल, तर डिस्चार्जच्या वेळी त्यांना आत बोलवा आणि डॉक्टरांनाच सांगू द्या.

चालणं भरपूर, जिना हळूहळू चालतो, पोळ्या तीन आठवड्यांनी दोन-चार लाटल्या तर हरकत नाही, पण कणीक दुसऱ्याने मळलेली. स्कूटी तीन-चार आठवड्यांनी, तीही मेन स्टँडला न लावता, आणि अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही याची खात्री झाल्यावर.

गौरींचं स्पष्टच सांगते, चौथ्या आठवड्यात पंचवीस पानांचा स्वयंपाक तुम्ही करायचा नाही. साडी नेसून बसा, आरती म्हणा, हळदीकुंकू लावा, फुलोरा खुर्चीत बसून बांधा. पुरणाचं पातेलं उतरवणं, वाकून ताटं वाढणं, रात्री भांडी आवरणं हे जावा-नणंदांकडे, नाहीतर यंदा पुरणपोळ्या बाहेरून मागवा. सासूबाईंशी भांडू नका, त्यांनाच एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा आणि "आतले टाके किती दिवस" एवढा एकच प्रश्न त्यांच्या समोर विचारा. त्यांच्याच पिढीच्या बायका महिन्यात हंडे उचलायला लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पुढे अंग खाली उतरतं, लघवी थांबत नाही म्हणून आमच्याकडेच आल्या. सगळं त्या हंड्यामुळेच असं नाही म्हणत मी, बाळंतपणं असतात, वय असतं, पण कौतुक करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दहा दिवसांची रजा पुरणार नाही. काउंटरला बसून काम असलं तरी आठ तास बसणं, बसचा प्रवास, रोकडच्या पेट्या, तीन ते चार आठवडे तरी हवेत आणि सहा मिळाले तर सोडू नका. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेताना "वजन उचलणे नाही" हे त्यावर लिहून घ्या, रुजू झाल्यावर ते उपयोगी पडतं. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आजच काढून बघा, पिशवीच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींमध्ये पहिली दोन वर्षं क्लेम मिळत नाही. आणि पॅकेज सांगतात त्यात ते रक्तवाहिन्या बंद करायचं एकदाच वापरायचं हत्यार धरलंय का हे विचारा, बिलात तेच नंतर वेगळं येतं.

घाबरायचं कधी, तर एकच साधा हिशोब. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आजचा दिवस कालच्यापेक्षा बरा जायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट जास्त दुखायला लागलं, कडक झालं, उलट्या सुरू झाल्या, तर "गॅस असेल" म्हणून ओवा खात बसू नका, आतड्याला इजा असेल तर ती अशीच दोन दिवसांनी डोकं वर काढते. शिवाय १००.४ च्या वर ताप, तासाभरात पॅड भिजणं, घाण वास, लघवी न होणं किंवा सतत थेंब थेंब गळत राहणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तरी लगेच फोन. डिस्चार्ज कार्डावर रात्रीचा नंबर नसेल तर निघायच्या आधी लिहून घ्या.

आणि काढलेली पिशवी तपासायला जाते, तिचा रिपोर्ट सात-आठ दिवसांनी येतो. बरं वाटतंय म्हणून तो आणायला कुणी जातच नाही, हे फार होतं. नवऱ्याला पाठवा पण रिपोर्ट आणा आणि डॉक्टरांना दाखवा. डिस्चार्ज कार्डावर ओव्हरी ठेवल्या की काढल्या आणि गर्भाशयाचं तोंड काढलंय का हे स्पष्ट लिहिलंय का बघा, तोंड ठेवलं असेल तर पॅप टेस्ट, म्हणजे त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, पुढेही करावी लागते. दोन्ही कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पाच-दहा वर्षांनी कुणी पोटाची सोनोग्राफी केली की पहिला प्रश्न हाच येतो आणि त्या वेळी ती फाईल कधीच सापडत नाही.